'ऑन'च्या जागी 'विथ'

पद्मनाभने मला पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवरून, आणि तेही मी हसत असताना.

छत्तीस सालचा श्रावण होता. मी आणि वेणूआत्या सकाळच्या गाडीने धारवाडहून हुबळीला आलो होतो. आत्याला गौरीसाठी खण घ्यायचे होते, आणि खण घ्यायचे तर ते दुर्गदबैलाच्या बाजारातच, असा तिचा नियम. पाऊस पडत होता म्हणावं तर नव्हता, नव्हता म्हणावं तर पदर ओला होत होता. हातगाड्या चुकवत, चिखल चुकवत आम्ही एका दुकानापाशी आलो, तर दाराला शिडी लावलेली आणि वर एकजण नवी कोरी पाटी ठोकत होता. निळ्या रंगावर पांढरी इंग्रजी अक्षरं... 'हावळे अँड सन, डीलर्स ऑफ क्लॉथ.'

मी नुकतीच मॅट्रिक झालेली. त्यात इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी. मला हसूच आलं.

"काय झालं हो हसायला?" वरून आवाज आला.

मी वर पाहिलं. कोपरापर्यंत सरकवलेल्या बाह्या, दातांत दोन खिळे, आणि पावसाने कपाळाला चिकटलेले केस. खिळे त्याने हातात घेतले.

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही कसं? पाटी वाचलीत आणि हसलात की."

"ते 'ऑफ' नको तिथे. 'इन' हवं. डीलर्स इन क्लॉथ."

आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. बाजारात, परक्या पुरुषाशी, तेही इंग्रजीत!

"असं कसं?" तो शिडीवरूनच म्हणाला. "कापडाचे व्यापारी. 'चे' म्हणजे ऑफ. 'इन' म्हणजे आत. आम्ही काय कापडाच्या आत बसून व्यापार करतो?"

मी त्याच्यामागे दुकानात नुसती नजर टाकली. जमिनीपासून छतापर्यंत तागेच तागे, मधल्या गादीवर जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. त्यानेही वळून पाहिलं, आणि एकदम मोठ्याने हसला.

"खरंच की हो!"

आणि ठोकलेले खिळे परत उपटायला लागला.

खण घेता घेता आत्याने सगळी चौकशी केली. तिची पद्धतच तशी. हावळे म्हणजे आपल्याच शिंपी समाजातले. वडील वारले तेव्हा पद्मनाभ इंग्रजी पाचवीत होता. शाळा सुटली आणि दुकान गळ्यात पडलं. आई गोदूबाई, एक बहीण, ती लग्न होऊन गदगला. "आणि तुम्ही?" त्याने खण बांधता बांधता विचारलं. आत्या ताठ झाली. "धारवाडचे नारायणमास्तर माझे भाऊ. इंग्रजी शिकवतात."

तो माझ्याकडे बघून नुसतं "हं..." म्हणाला. तो 'हं' मला गाडीत बसेपर्यंत ऐकू येत होता.

पुढच्या रविवारी धारवाडात, सप्तापूरला आमच्या दारात छत्री मिटत तोच उभा!

अप्पांना त्याने वाकून नमस्कार केला आणि सरळ कामाचं बोलला. मुंबईच्या एका गिरणीला आपल्या जिल्ह्यासाठी एजंट नेमायचा होता. दिवाळीनंतर तिथला गोरा साहेब स्वतः हुबळीला येऊन दुकानं बघणार, मालकांशी बोलणार. बाकीच्या दोघा-तिघांकडे इंग्रजी शिकलेले कारकून होते. पद्मनाभकडे त्याची पाचवी इंग्रजी होती, तीही अर्धवट.

"मास्तर, शब्द मला बरेच येतात," तो म्हणाला. "पण हे इन, ऑन, अ‍ॅट, विथ, टू... हे शब्दांच्या मध्ये येऊन बसतात आणि माझा पाय अडकतो. तेवढं शिकवा. बाकीचं मी बघतो."

अप्पा हसले नाहीत. अप्पांना असं कुणी शिकायला आलं की त्यांचा चेहरा देवघरात बसल्यासारखा व्हायचा. आमचे आजोबा हुबळीच्या कमरीपेठेत झबली-टोपडी शिवायचे. त्या घरातून अप्पा मास्तर झाले, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कष्टाने मिळवलेला होता. त्यामुळेच त्यांचं एक ठरलेलं होतं — यमुनेला नवरा बघायचा तो पदवीधर. कापडाला पुन्हा हात लावायचा नाही.

"दर रविवारी या," अप्पा म्हणाले. "नियम मी सांगेन. सराव यमुना घेईल."

सरावाची जागा म्हणजे बाहेरची खोली. अप्पा खिडकीशी आरामखुर्चीत शाळेचे पेपर तपासत बसायचे, मी पाटावर, तो समोरच्या बाकावर. सगळं अप्पांच्या कानांदेखत.

"साहेब खुर्चीवर बसला आहे," मी वाक्य द्यायचे.

"द साहिब इज सिटिंग ऑन द चेअर."

"बरोबर. आणि अप्पा आरामखुर्चीत बसले आहेत?"

"ऑन द आर्मचेअर."

"चूक. इन."

"का? खुर्ची ती खुर्चीच की."

"तिला हात असतात. माणूस आत शिरल्यासारखा बसतो."

"असं..." तो विचार करायचा. खरोखरच विचार करायचा, कपाळाला आठी घालून, गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितल्यासारखा. "मग मी आलो आणि दारात उभा राहिलो तर?"

"अ‍ॅट द डोअर."

"आणि कुणी आत बोलावलं तर?"

"इन द हाउस."

"आणि कुणी बोलावलंच नाही तर?"

"तर मग अ‍ॅट द डोअरच," मी म्हटलं. आणि खाली बघून पाटावरची रेघ नखाने कोरत बसले, कारण वर बघितलं असतं तर हसू दिसलं असतं.

असे रविवार जात होते. त्याला प्रिपोझिशनं येत होती असं नाही. एका रविवारी आलेली पुढच्या रविवारपर्यंत गळून जायची. पण तो कधी चिडला नाही, कधी लाजला नाही. चूक झाली की मान हलवायचा, "अच्छा, असं आहे होय," म्हणायचा, आणि तीच चूक पुन्हा नव्या उत्साहाने करायचा. मला शनिवारी रात्री केसांना तेल लावायची घाई व्हायला लागली. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. आत्याने मात्र एकदा विचारलं, आणि मी तिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

एका रविवारी तो आलाच नाही वेळेवर. दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. बाराच्या सुमारास दारात धापा टाकत उभा राहिला. गाडी अर्ध्या वाटेत थांबून राहिली होती म्हणे. मी पाटावर बसले आणि मुकाट्याने वाक्य दिलं. दुसरं दिलं. तिसरं दिलं.

"माझ्यावर रागावलात?" त्याने हळूच विचारलं.

"इंग्रजीत बोला."

"आर यू अँग्री... ऑन मी?"

"ऑन नाही. विथ."

"विथ?" त्याला ते पटेना. "विथ म्हणजे सोबत ना? आपण मराठीत तुमच्यावर रागावलो म्हणतो. कन्नडमध्ये पण निम्म म्याल सिट्टु. म्हणजे वरच. राग वरूनच पडतो की माणसाच्या डोक्यावर, दगडासारखा. हे लोक सोबत कसे रागावतात?"

"मला काय माहीत? त्यांची भाषा आहे."

"नाही, पण बरं आहे हे," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे रागावलेलं माणूसही सोबतच राहतं. सोडून जात नाही..."

पावसाचा आवाज एवढा मोठा होता, तरी मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात आरामखुर्चीतून अप्पा खाकरले.

"माणसावर राग असेल तर विथ. एखाद्या गोष्टीवर असेल तर अ‍ॅट. पुढे चला."

आम्ही पुढे गेलो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अप्पा खुशीत होते. पेपर बाजूला ठेवून त्यांनी आपणहून बातमी सांगितली, त्याच्यासमोरच. बेळगावचं स्थळ आलं होतं. बी.ए., एल्‌एल.बी. झालेला मुलगा, वकिली नुकतीच सुरू केलेली. आपल्या समाजात असं स्थळ शोधून सापडायचं नाही. तुळशीचं लग्न झालं की मंडळी यमुनेला बघायला येणार.

मला हे त्याच्याबरोबरच कळत होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

त्याने अगदी स्पष्ट, एकेक शब्द नीट ठेवत म्हटलं, "आय अ‍ॅम व्हेरी हॅपी फॉर यू."

"शाब्बास!" अप्पा म्हणाले. "फॉर! बिनचूक!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने न अडखळता बरोबर प्रिपोझिशन लावलं होतं. मी उठून आत गेले आणि विनाकारण पाण्याचा हंडा रिकामा करून पुन्हा भरला.

साहेब यायचा दिवस ठरला तेव्हा पद्मनाभने अप्पांना विनंती केली, "मास्तर, तुम्ही माझ्याशेजारी बसा. मी अडलो तर सांभाळून घ्या." अप्पांनी लगेच होकार दिला. काळा कोट झटकला, पगडी नीट केली. आणि वेणूआत्याला नेमक्या त्याच दिवशी चोळ्यांचं कापड घ्यायचं आठवलं. आत्याचे उपकार मी कधी विसरणार नाही.

दुकानाच्या आतल्या बाजूला बायकांसाठी वेगळी बैठक होती. तिथे गोदूबाईंनी आम्हाला बसवलं. टांगलेल्या इरकली साड्यांच्या फटीतून समोरचं सगळं दिसत होतं. साहेब आला. उंच, लालबुंद, घामाघूम. कारकुनाच्या हातात टोपी देऊन खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. बाई गं, ते बोलणं! पुस्तकातल्यासारखं एक अक्षर नाही. सगळे शब्द एकमेकांत बुडालेले. मला दहातला एक कळत होता.

पद्मनाभ मात्र बोलत होता. माल कुठून येतो, खेड्यातल्या बायका कुठला काठ घेतात, सुगीनंतर विक्री कशी वाढते. मध्ये मध्ये प्रिपोझिशनं पार गडगडत होती. "डिपेंड ऑन" म्हणायचं तिथे "डिपेंड अबाव्ह" म्हणाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पण साहेबाची मान हलत होती. त्याला कळत होतं.

मग साहेब वळला, अप्पांकडे. काहीतरी विचारलं, हसून, अदबीने.

अप्पा बोलले नाहीत.

त्यांचे ओठ हलले. पुन्हा हलले. मी त्यांची बोटं बघितली, काठीच्या मुठीवर घट्ट आवळलेली, पांढरी पडलेली. आयुष्यभर अप्पांनी इंग्रजी शिकवली, पण ती फळ्यावरची, पुस्तकातली. गोऱ्या माणसाशी समोरासमोर ते कधी एक वाक्य बोलले नव्हते, हे मला त्या क्षणी समजलं. साहेबाने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. शेजारच्या दुकानांतले लोक दारात जमलेले. कुणीतरी खुसखुसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर," पद्मनाभ म्हणाला. अगदी सहज, ग्लासभर पाणी पुढे करावं तसं. "ही इज माय टीचर. टुडे ही इज टेकिंग एक्झामिनेशन ऑफ मी. सो ही विल नॉट स्पीक. व्हेरी स्ट्रिक्ट, सर!"

साहेब एक क्षण थांबला, मग मांडीवर थाप मारून हसला. खुर्चीवरून उठला, अप्पांसमोर थोडा वाकला आणि मुद्दाम सावकाश, सुटे शब्द करून विचारलं, "वेल, सर? हॅज ही पास्ड?"

सगळ्या दुर्गदबैलाने श्वास रोखला असं मला वाटलं. अप्पांनी घसा साफ केला. आणि मग वर्गात बोलतात त्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"ही हॅज पास्ड, सर. इन एव्हरीथिंग... एक्सेप्ट प्रिपोझिशन्स."

साहेबाचं हसणं पार रस्त्यापर्यंत गेलं. त्याने अप्पांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवला.

एजन्सी पद्मनाभला मिळाली. तो धारवाडला आला, अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांना कोटाचं कापड दिलं, आत्याला खण दिला. मला काही दिलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दारातून जाताना एवढंच म्हणाला, "येतो मी. शिकवणी संपली." आणि पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याचा बाक भिंतीशी सरकवून ठेवला होता. मी तो रोज पुसत होते.

तुळशीचं लग्न झालं. बेळगावची मंडळी यायला चार दिवस उरले. आत्या माझी हिरवी साडी उन्हात टाकत होती. अप्पा आरामखुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"अप्पा, बेळगावच्या मंडळींना येऊ नका म्हणून कळवा."

अप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता रागावतील. तो आवाज चढेल, मग आत्या मध्ये पडेल... पण ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"पद्मनाभ?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती," अप्पा म्हणाले. "सगळं आयुष्य त्या भाषेवर काढलं, आणि साधं वाक्य फुटेना. चार लोक हसणारच होते. त्याने पांघरूण घातलं माझ्यावर. स्वतःच्या एजन्सीचा प्रश्न होता, साहेब समोर होता, तरी त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. आणि नंतर कुणाजवळ एका शब्दाने बोलला नाही. परीक्षेला तो बसलाच नव्हता, यमुने. मी बसलो होतो." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण त्याने तुला काही विचारलंय?"

"नाही."

"मग? मी जाऊन बोलू?"

"नको. मीच जाते."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी दुसरीच मुलगी आहे. मग म्हणाले, "एकटी जाऊ नकोस. वेणूला घेऊन जा."

वेणूआत्या तोवर चपला घालून दारात उभी होती.

दुकानात गर्दी होती. थंडी पडायला लागली होती, सतरंज्या-घोंगड्यांचं गिऱ्हाईक. तो एका खेडवळ बाईसाठी चोळीचं कापड कापत होता. मला बघितलं आणि कात्री तशीच चालत राहिली.

"यमुनाबाई... तुम्ही?"

"येणं का बंद केलंत?"

"शिकवणी संपली की."

"सगळं आलं तुम्हाला?"

"काहीच नाही आलं," तो म्हणाला. "पण काम झालं. आता कुठल्या कारणाने यायचं?"

"कारण लागतं?"

त्याची कात्री चालूच. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तरांनी मला घरात घेतलं, विद्या दिली. त्यांच्या मनात पदवीधर जावई आहे. त्या घराकडे मी तसल्या नजरेने कसं बघायचं? रविवारी सकाळी पाय आपोआप स्टेशनाकडे वळतात. अर्ध्या वाटेतून परत येतो."

"बेळगावची मंडळी येत नाहीत."

"का?"

"मी नको म्हणाले. अप्पांना माहीत आहे. आणि मी इथे आले आहे तेही त्यांना माहीत आहे."

"अय्य, सोट्ट आतल्री!" ती बाई ओरडली. कापड पार वाकडं कापलं गेलं होतं, नदीच्या वळणासारखं. पद्मनाभने कात्री खाली ठेवली, तिला दुसरं कापड आणि वर तेवढंच आणखी फुकट देऊन टाकलं. ती खूश होऊन गेली, पण जाताना दोनदा वळून आमच्याकडे बघून गेली.

"मग आता मी विचारायला हवं ना तुम्हाला?" त्याने कपाळावरचा घाम पुसला. ऐन थंडीत. "थांबा हं... इंग्रजीत विचारतो, म्हणजे गिऱ्हाइकांना कळायचं नाही. विल यू मॅरी..." तो अडला. तीच जुनी आठी कपाळावर आली. "पुढे काय लावायचं? विथ? की टू?"

"काहीच नाही लागत."

"काहीच नाही? मध्ये काहीच नाही?"

"नाही."

"बघा तर!" तो अगदी मनापासून म्हणाला. "सगळ्यात अवघड वाक्य, आणि मध्ये काहीच नाही."

"विचारा मग."

त्याने विचारलं. इतक्या हळू की मला फक्त ओठ दिसले. मी हो म्हटलं, मराठीत, आणि बहुतेक मोठ्याने, कारण आत्याने समाधानाने पदराला डोळे पुसले आणि आतून गोदूबाईंचा आवाज आला, "अरे पद्मा, पोरीला उभीच ठेवलीस की! बसव तरी! आणि ते वरच्या फळीवरचं इरकल काढ, डाळिंबी... गिऱ्हाइकांना दाखवत नाही ते!"

तो स्टुलावर चढला. डाळिंबी रंगाची, रुंद काठाची साडी घेऊन खाली आला. हुबळीतले कापडवाले साडी दाखवताना पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतात. तोही रोज पन्नासदा टाकत असेल. सवयीने त्याने पदर उलगडला, आपल्या खांद्याकडे नेला... आणि थांबला. मग भर दुर्गदबैलात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, तो पदर त्याने माझ्या खांद्यावर ठेवला.